पहिला घास कोणाचा?

माणसाच्या तोंडचा घास काढून तो माशाला भरवावा काय? प्रश्न विचित्र वाटेल, पण तो आज खरोखरीच उभा आहे. २०२२ साली पाळलेल्या जलचरांचे जागतिक उत्पादन पकडलेल्यांपेक्षा प्रथमच अधिक भरले. अनेक पाळीव माशांच्या खाद्यात मासळीची कुटी असते. एक किलो कुटीसाठी साधारण चार ते पाच किलो ओली मासळी लागते.

पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल व गांबिया या देशांत, आपल्या तारलीच्याच कुळातील मासा हे गोरगरिबांचे नित्याचे अन्न. तेथील स्त्रिया त्यास धुरी देऊन, वाळवून बाजारात नेतात. किनाऱ्यावर कुटीचे कारखाने आले आणि हा मासा त्यांच्या टोपलीऐवजी यंत्रात जाऊ लागला. कुटी मात्र परदेशी रवाना होते.

विज्ञानाने एक वाट दाखविली आहे. ज्या ओमेगा-३ स्निग्धांशासाठी मासा पथ्यकर मानला जातो, तो मुळात समुद्रातील सूक्ष्म शैवाल निर्माण करते. लहान जीवांमार्फत तो माशापर्यंत पोहोचतो. हेच शैवाल टाक्यांत वाढवून मागुरासारख्या पाळीव माशांना दिल्यास कुटीची गरज घटते आणि त्यांचे मांसही अधिक आरोग्यदायी होते.

मग प्रश्न सुटला काय? आम्हांस तसे वाटत नाही. शैवाल महाग आहे, कुटी स्वस्त. आणि ती स्वस्त आहे, कारण जिची टोपली रिकामी झाली तिची भूक त्या किमतीत धरलेलीच नाही. कारखाना मच्छीमाराला गिऱ्हाईक देतो, पाळलेला मासाही अनेक गरिबांचे पोट भरतो, हे खरे. तथापि एकाची भूक भागविण्यासाठी दुसऱ्याला न विचारता उपाशी ठेवणे, हा न्याय नव्हे. सृष्टीची संपत्ती सर्वांसाठी आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली निक्षून सांगितले. शैवाल उपाय देईल. न्यायबुद्धी आपणांसच आणावी लागेल.

पाच भाकरी व दोन मासे प्रभूने एका मुलाकडून घेतले खरे. परंतु त्या दिवशी सारेच तृप्त झाले, आणि उरलेले तुकडेही वाया गेले नाहीत. आपल्या ताटातील मासा कोणाच्या ताटातून आला, एवढे तरी आपण विचारू या; आणि उत्तर मिळाल्यावर दोन पैसे अधिक मोजण्याची तयारी ठेवू या.