शिकवणारा हात

कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात यंत्राच्या हाती सोनोग्राफीचा प्रोब देऊन पायाच्या धमन्या तपासण्याचं संशोधन झालं आहे. माणसाने हात धरून एकदा वाट दाखवायची आणि मग यंत्राने तीच वाट हवी तितक्या वेळा चालायची, अशी त्यातली युक्ती. तशा एखाद्या प्रयोगशाळेत घडू शकेल अशी ही गोष्ट.

रोग जडलेली धमनी वर्षानुवर्षं हळूहळू अरुंद होत जाते. यंदाचं चित्र मागच्या वर्षीच्या चित्राशी ताडायचं तर प्रोबची जागा, कोन, दाब सगळं तेच हवं. नाहीतर रोग वाढला की हात हलला, हेच कळत नाही.

तरुण इंजिनिअरने यंत्राला घाईघाईत वाट दाखवली. चाचणी होती मऊ जेलमध्ये बसवलेल्या नकली नळीवर. मधे एके ठिकाणी तिचा व्यास मुद्दाम निम्मा केलेला. (व्यास निम्मा झाला की रक्ताला वाट निम्मी नाही, पावच उरते, म्हणून इथे केसाएवढी चूकही महाग.) यंत्राने पुन्हा पुन्हा मोजलं, आकडे तंतोतंत जुळले. पोरगा हरखला.

सोनोग्राफीत उभी हयात घालवलेल्या बाईंनी विचारलं, "आकडे एकमेकांशी जुळले. नळीशी जुळले का?"

नव्हते जुळले. त्याने प्रोब दाबून धरला होता, नळी चपटी झाली होती. यंत्रही इमानाने दरवेळी तेवढंच दाबत होतं.

"पण बाई, चूक दरवेळी तीच असेल तर वाढ तरी खरी कळेल ना?" त्याचा प्रश्न रास्त होता.

"पेशंट यंदा जाड असेल, पुढच्या वर्षी वाळेल. तोच दाब तेव्हा वेगळा बसेल. आणि पहिल्याच दिवशी धमनी आहे त्याहून अरुंद दिसली, तर नको ते ऑपरेशन कुणाच्या नशिबी येईल? नळीचं खरं माप आपल्याला ठाऊक आहे. पेशंटच्या पायाचं कोण सांगणार?"

बाईंनी भरपूर जेल घातलं, प्रोब नुसता टेकवला, अरुंद जागेशी हात संथ केला. या वेळी माप नळीशी जुळलं.

"हेच ठेवू या," तो म्हणाला.

बाईंनी यंत्रातली आपल्या वाटेची नोंद पुसून टाकली आणि प्रोब त्याच्या हातात दिला. "आता तू दाखव. मी सुटीवर असेन तेव्हाही पेशंट येतील."

संध्याकाळपर्यंत तो दाखवत राहिला. दाबाचा आकडा चढला की बाई फक्त त्या आकड्याकडे बोट करायच्या.