सेवेचा हात शिकावा लागतो

पुंडलिकाची कथा आपण सारे जाणतो. देव दारी आले, तर हा म्हणाला, आईबापांची सेवा चालली आहे, ही वीट घ्या आणि तिच्यावर उभे राहा. आपण विटेवरच्या देवाला हात जोडतो. पण पुंडलिकाचे हात तेव्हा कुठे गुंतले होते, याचा विचार करतो काय?

अहो, अर्धांगाच्या रोग्याला कुशीवर वळवताना मध्येच हात काढून चालेल का? तो पलंगावरून खाली येईल! प्रत्यक्ष देवासाठी जे हात सुटले नाहीत, ते आपण फोन वाजला की सोडतो.

बरे, नुसत्या प्रेमानेही भागत नाही. मुलगा बापाला उठवायला मोठ्या मायेने जातो, लुळा हात धरून ओढतो, आणि खांदा निखळतो. हे काम शिकलेली बाई तो हात कधी ओढणार नाही. सदरा घालताना ती लुळा हात आधी बाहीत घालते, काढताना चांगला हात आधी काढते. खिळलेल्या माणसाची कूस साधारण दोन दोन तासांनी बदलते. माकडहाड, खुबे, टाचा रोज पाहते. तिथे कातडी लाल दिसली की आपण तेल घेऊन चोळायला बसतो, आणि आतले मांस अधिकच दुखावते. ती चोळत नाही. त्या जागेवरचा भार काढते. गिळायला त्रास असेल तर ताठ बसवून लहान घास देते, पहिला गिळल्याशिवाय दुसरा देत नाही, जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे करीत नाही. कारण अन्न श्वासनळीत गेले तर न्यूमोनिया होतो. आणि अंगाला हात लावण्यापूर्वी सांगते, "आजोबा, आता पाठ पुसते हं." बोलता न येणाऱ्यालासुद्धा सांगते. मला तर सगळ्या शिक्षणात हा धडा थोर वाटतो.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठी गाठलेली माणसे दहा कोटींवर होती. मुले नोकरीला परगावी. तेव्हा या कामाचे वर्ग निघाले, हे चांगलेच झाले. पण गावातली एखादी मुलगी तिथे नाव घालते म्हणाली, की घरचेच म्हणतात, "लोकांचे मलमूत्र काढायला शिकायचे?" आणि माळ घातलेले आपणही गप्प बसतो! वारीच्या वाटेवर कोणाच्याही पाया पडणारे आपण, आईला न्हाऊ घालणाऱ्या बाईचा चहाचा कप मात्र वेगळा ठेवतो. हा कोणता वारकरी धर्म?

तुमच्या घरी अशी कोणी चोवीस तासांच्या कामावर असेल, तर आज घरी गेल्यावर तिला एवढे विचारा, की बाई, रात्री दर दोन तासांनी तू उठतेस, मग तुझी झोप केव्हा होते? आणि उद्यापासून त्यातली एक पाळी तिच्याकडून शिकून आपल्या अंगावर घ्या.