पाप कोणाचें?



योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायांत एक जन्मांध मनुष्य दिसतांच शिष्य प्रभूला विचारतात, पाप ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें? साक्रीच्या आसपासच्या आपल्या खेड्यांतहि हाच प्रश्न अजून कुजबुजला जातो. एखादें मूल बोलत नाहीं, नजरेस नजर देत नाहीं, एकच खेळ दिवसभर खेळतें. आणि आपण त्याच्या आईकडे बोट दाखवितों.

ह्या अवस्थेस स्वमग्नता म्हणतात. ती मेंदूच्या निराळ्या वाढीमुळें असते. ती शाप नव्हे, आईची हयगयहि नव्हे.

मुंबईची कु. जिया राय ही अशीच स्वमग्न मुलगी. ता. १७ फेब्रुवारी २०२१ रोजीं तिनें वांद्रे-वरळी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत ३६ किलोमीटर समुद्र ८ तास ४० मिनिटांत पोहून काढिला, व तें पोहणें स्वमग्नतेविषयीं लोकांस जागें करण्यास वाहिलें. पुढें मार्च २०२२ मध्यें ती श्रीलंकेहून धनुष्कोडीस पोहत आली, व जुलै २०२४ मध्यें तिनें इंग्लिश खाडी पार केली.

तथापि प्रत्येक मुलानें समुद्र तरावा तेव्हांच त्याला मान मिळावा काय? ज्याच्या मुखीं एक शब्दहि नाहीं, तेंहि देवाचेंच लेंकरूं होय. प्रभूनें दोघांसहि दोष दिला नाहीं. देवाचें कार्य तेथें प्रगट व्हावें, असें तो म्हणाला. तें कार्य आपल्या हातून व्हावयाचें आहे.

येत्या रविवारीं उपासनेंत असें मूल ओरडलें, तर आपण मागें वळून पाहूं नये. उठून त्या आईशेजारीं जाऊन बसावें.