आरसा आणि नाथान

शास्त्रपाठ : २ शमुवेल, अध्याय १२, वचनें १ ते १३



गांवोगांवच्या जत्रांतून पोपटवाला बसे, तो तुम्हांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. ओळीनें मांडलेल्या पाकिटांतून पोपट एक पान चोंचीनें ओढी, आणि मालक त्यावरील चित्र पाहून गिऱ्हाइकाचें नशीब सांगे. (रानचे पोपट पिंजऱ्यांत ठेवणें आतां वन्यजीव कायद्यानें मना आहे; त्या पाखराचा यांत दोष कधींच नव्हता.) शिकलेले लोक त्या पोपटवाल्यास हंसतात. त्यांनीं हंसूं नये. कारण तेंच पान आतां त्यांच्या मुलांच्या खिशांत येऊन बसलें आहे.

त्याचें नांव टॅरो. हे ७८ पत्ते पंधराव्या शतकांत उत्तर इटलींत केवळ खेळण्याकरितां निघाले. तीं मिसर देशच्या प्राचीन ज्ञानाचीं पानें आहेत, असें एका फ्रेंच लेखकानें १७८१ सालीं छापिलें. पुरावा कांहीं नव्हता. हल्लीं बहुधा दिसणारीं चित्रें पामेला कोलमन स्मिथ या बाईंनीं काढिलीं व तीं १९०९ सालीं लंडनांत प्रसिद्ध झालीं.

दोन वर्षांपूर्वीं आपल्या एका मंडळींतील मुलगा मजकडे आला. तो लातुरास राहून वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करीत होता. शिकवणीची फी भरण्यासाठीं बापानें बैलजोडी विकली होती. मुलाच्या फोनांत हे पत्ते होते, आणि रोज सकाळीं तो एक पान उलटून पाही. मी लागलाच अनुवादाचा अठरावा अध्याय सांगूं लागलों. तो नम्रपणें म्हणाला, "पाळकसाहेब, मी भविष्य पाहत नाहीं. पत्त्यांत जादू नाहीं हें मलाहि कळतें. चित्र पाहिलें म्हणजे माझ्या मनांत काय आहे तें मला दिसतें, एवढेंच."

हें उत्तर विचार करण्याजोगें होतें. मीं तें घाईनें झिडकारिलें, ही माझी चूक. मनुष्याचें मन त्यास दिसावें म्हणून देवानेंहि चित्र वापरिलें आहे. नाथानानें दावीदापुढें एक गोष्टच मांडली. गरिबाची एकुलती एक कोंकरी, घरच्या लेंकरासारखी वाढविलेली. आणि कळपांच्या धन्यानें पाहुण्यासाठीं तीच नेऊन कापिली. राजा संतापला. पण नाथान तेवढ्यावर थांबून घरीं गेला असता तर? आपण मोठे न्यायी राजे आहों, असें समजून दावीद त्या रात्रीं सुखानें झोंपला असता. उरीयाचें नांवहि त्याच्या मनांत आलें नसतें. गोष्टींतला अपराधी कोण, हें तोंडावर सांगणारा समोर उभा होता, म्हणून तें अंतःकरण उघडें पडलें.

पत्ता हें करूं शकत नाहीं. चित्र मुकें असतें. अर्थ आपणच लावितों, आणि तो रुचला नाहीं तर दुसरें पान काढितों. आरोपी आपण, साक्षीदार आपण, पंचहि आपणच! हृदय किती कपटी आहे हें यिर्मयानें सतराव्या अध्यायांत लिहिलें आहे. अशा पंचापुढें कोणता खटला नीट चालेल?

कोणी म्हणेल, प्रेषितांनींहि चिठ्या टाकिल्याच कीं! टाकिल्या, पण भरल्या मंडळींत, दोघे जण आधीं पारखून, प्रार्थना करून. एकट्यानें पांघरुणांत बसून नव्हे.

मग मीं मुलास विचारिलें, "बाळ, तूं पान कोणत्या प्रश्नावर काढितोस?"

तो पुष्कळ वेळ बोलला नाहीं. डॉक्टरकी नको, शेतकी शिकावी, असें सहा महिन्यांपासून त्याच्या मनांत होतें. पान कधीं 'जा' म्हणे, कधीं 'थांब' म्हणे. एका सकाळीं तर त्यानें पांच वेळां पान काढिलें होतें. "आणि वडिलांना किती वेळां विचारिलेंस?" एकदांहि नाहीं. मनांत काय आहे हें त्यास ठाऊक होतेंच. तें बापापुढें बोलण्याचा दिवस पान रोज पुढें ढकलीत होतें. सुवार्तिक बंधूंनो, तुमच्याकडे असा कोणी आला तर फोन हिसकावूं नका. प्रश्न कोणता तें आधीं विचारा.

आम्हीं दोघांनीं १३९ वें स्तोत्र वाचिलें. त्याच्या शेवटीं गाणारा आपलें हृदय तपासण्याचें काम देवाच्या हातीं देतो. वाचून झाल्यावर मुलगा म्हणाला, "पाळकसाहेब, तुम्ही बरोबर याल?" दुसऱ्या दिवशीं आम्ही एस. टी. नें नांदेड जिल्ह्यांतील त्याच्या गांवीं गेलों.

बाप ओसरीवर बसून ऐकत होता. रागावला नाहीं. रिकाम्या गोठ्याकडे पाहून म्हणाला, "बैल विकायच्या आधीं बोलला असतास, तर बैल तरी राहिले असते." मुलगा रडूं लागला. मजपाशींहि शब्द नव्हता.

मुलगा आतां परभणीस शेतकी शिकतो. गोठा अजून रिकामाच आहे. गेल्या मृगांत शेजाऱ्याची जोडी मागून आणिली, आणि तिफण मुलानें धरिली.