दांडगा जियान आणि न सुटलेला हात

श्रोतेजनहो, अहंता आणि ममता म्हणजे काय, हे पोथीतून सांगू लागलो की पोरे जांभया देतात. जियानचे नाव काढा, लगेच सरसावून बसतात! जपानच्या फुजिको एफ. फुजिओ यांच्या ‘डोरेमॉन’ या १९६९ साली सुरू झालेल्या चित्रकथेतला हा दांडगा पोर. १९७३ साली तो पडद्यावर हलू-बोलू लागला. आपल्या घरांत तो हिंदीतून पोचला.

याचा हिशेब सोपा. आपले ते आपलेच, आणि नोबिताचे तेही आपलेच! पुस्तक दिसो, खेळणे दिसो, ओढून घ्यायचे. वर गाणे बेसूर आणि ऐकणे सक्तीचे. (आम्हा कीर्तनकारांनी इथे जरा खाली पाहावे.)

मग याला जरब बसवणारे कोणी नाही काय? आहे ना, त्याची आई! ती दुकान सांभाळते आणि खोड कळली की पोराला बडवते. तिच्यापुढे हा अगदी शेळी. पण दुसऱ्या दिवशी नोबिता पुन्हा याच्या मुठीत. भयाने हात थांबतो, मन पालटत नाही.

बरे, नोबिता तरी साधू आहे काय? डोरेमॉनच्या खिशातले एखादे यंत्र हाती आले की तोही सूड घ्यायला धावतो, आणि बहुधा स्वतःच फजीत पावतो. बळ ज्याच्या हाती येते, त्याच्या अंगात जियान संचारतो. दोष देहाचा नाही, ‘मी’चा आहे.

१९८० सालच्या पहिल्या चित्रपटात मात्र नवल घडते. डायनोसॉरच्या पिलाला त्याच्या मुलखात पोचवायला ही मुले निघतात. वाटेत जियान खाली कोसळणार, तोच दुबळा नोबिता त्याचा हात धरतो, सोडत नाही. पुढे पिलू शिकाऱ्यांना देऊन सुटका करून घ्यावी, अशी गोष्ट निघते. तेव्हा जियान नोबिताच्या बाजूला उभा राहतो. का? तर याने माझा हात सोडला नव्हता, म्हणून! आईच्या माराने जे झाले नाही, ते एका हाताने झाले.

मालिकेत तो पुन्हा पहिल्यासारखाच वागतो. खरेच आहे, एका दिवसाने स्वभाव जात नाही, रोजचा अभ्यास लागतो.

म्हणून मायबापहो, आपले पोर मार खाऊन आले तर ‘सोस’ म्हणू नका. त्याची बाजू घ्या, गुरुजींच्या कानावर घाला. आणि मारणारे पोर आपलेच निघाले, तर छडी शोधण्याआधी एवढे पाहा: त्याचा हात कोणी धरला आहे काय?