सस्पेन्स खात्यातले दहा रुपये

आमच्या गावाचं नाव सांगितलं की समोरच्या माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. "कुठले तुम्ही?" "किल्लारीचा." "अरेरे!" मग तो मला खुर्ची देतो, पाणी देतो आणि 'तेव्हा तुम्ही कुठं होता?' असं हळूच विचारतो. कोल्हापूरच्या माणसाला लोक तांबड्या रश्श्याबद्दल विचारतात, नागपूरच्याला संत्र्यांबद्दल. मला भूकंपाबद्दल. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशीच गणपती बोळवले होते. मी तेरा वर्षांचा होतो. आमच्या घरातून आजी गेली. त्या पहाटेबद्दल मी एवढंच सांगतो. ऐकणाऱ्याला आणखी हवं असतं, पण विनोदी लिहिणाऱ्याच्याही खात्यावर एखादी हक्काची रजा असावी.

ह्या 'अरेरे'चा मला आयुष्यात एकदाच रोख फायदा झाला. मराठवाड्यातल्या बी.कॉम. पोराला बँकेत चिकटायला मिळालं, की ते हमखास मुंबईच्या बाजूला मिळतं. पुढची चार वर्षं तो नोकरी करतो त्याहून जास्त बदलीचे अर्ज करतो. २०१३ साली मी असाच वसईला जाऊन पडलो. बायको-मुलगी लातूरला आणि मी हातात वळकटी घेऊन वाडीवाडीतून खोली शोधतोय. सड्या माणसाला कोण खोली देतो? शेवटी एका कॅथॉलिक कुटुंबाच्या दारात उभा राहिलो. केळीची बाग, विहीर, ओटीवर येशूची तसबीर आणि तिच्याखाली लाल दिवा. घरच्या मावशींनी गाव विचारलं. मी सांगितलं. अनामत रक्कम जागच्या जागी निम्मी झाली.

"त्या वर्षी आमच्या चर्चमधून तुमच्या गावांसाठी कपडे पाठवले होते," मावशी म्हणाल्या. "गाठोडी मीच बांधली."

मी नकळत ताठ उभा राहिलो. वीस वर्षांनी धनको आणि ऋणको असे समोरासमोर! आणि मला तर त्या वेळच्या कपडे देणाऱ्यांपैकी कुणालातरी एक गोष्ट विचारायचीच होती.

भूकंपानंतर आमच्याकडं कपड्यांचे डोंगर आले. त्यातून माझ्या वाट्याला आला एक निळा ब्लेझर. छातीवरचा शाळेचा बिल्ला उसवून काढलेला, आणि तेवढाच चौकोन न विटलेला, गडद निळा. ऑक्टोबरचं ऊन, वर पत्र्याची शेड आणि खाली ब्लेझर घातलेला मी. माय म्हणायची, "कलेक्टर झालास की रं!" तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्या आतल्या खिशात दहा रुपयांची नोट सापडली. चार घड्या घातलेली. त्या दिवसांत आम्हाला मिळालेल्या प्रत्येक वस्तूपुढं कुठल्यातरी यादीत कुणाचातरी अंगठा होता. ह्या एका नोटेची कुठंच नोंद नव्हती. दोन महिने मी ती लपवली आणि मग औशाच्या बसस्टँडवर तिची जिलेबी खाल्ली. जिलेबी तेव्हा गोडच लागली. शंका नंतर आली, म्हणजे कॉमर्सला गेल्यावर.

शंका अशी: ती नोट कुणी ठेवली होती, की नुसतीच राहिली होती? ठेवली असेल तर ते दान, आणि मी ते बिनघोर खाल्लं. राहिली असेल तर ती चुकीने जमा झालेली रक्कम. आमच्या बँकेत धनी सापडत नाही अशी रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात आणि जिलेबी न खाता वाट पाहतात. माझे ते दहा रुपये वीस वर्षं तसेच सस्पेन्स खात्यात पडून होते.

"आमच्या पोरांना कुठले आले ब्लेझर?" मावशी म्हणाल्या. चौकशी तिथंच बंद झाली. खोली मात्र मिळाली.

ख्रिस्ती माणसं मी तोवर मुख्यतः हिंदी सिनेमात पाहिली होती. ती सगळी मोडकं हिंदी बोलत. इथं उलटंच. माझं 'जायलाव, करायलाव' ऐकून मावशीच तोंडाला पदर लावत. घरात त्यांची आपली बोली, माझ्याशी पुस्तकातली मराठी आणि रविवारी चर्चमध्ये मिस्सा तीही मराठीत. मावशींच्या लहानपणी ती लॅटिनमध्ये असे. १९६२ ते ६५ ह्या काळात रोमला मोठी धर्मपरिषद भरली आणि त्यानंतर ज्याची त्याची भाषा देवाला चालू लागली. "तेव्हा काही कळायचं नाही, तरी माणसं रडायची," मावशी म्हणाल्या. "आता सगळं कळतं, तर घड्याळ बघतात." पुढं जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला (आताच्या धाराशिवला), म्हणजे आमच्या शेजारीच, साहित्य संमेलन भरलं आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले. "फादरचं मराठीत काय काम?" असं काउंटरवर कुणी विचारलं, की मी १६१६ सालच्या ख्रिस्तपुराणापासून सुरुवात करी. मागची रांग आपोआप पांगत असे.

त्या वाडीतला आठवडा मात्र पक्का बांधलेला होता. संध्याकाळी घंटा झाली की हातातलं काम थांबे. रात्री घरोघर रोझरी, म्हणजे जपमाळ. शनिवारी नोव्हेना. मध्येच कधी गायनवृंदाची तालीम, कधी तरुणांची सभा, कधी महिलांची. रविवारी सकाळी अख्खा गाव इस्त्रीत. मिस्सा संपत आली की सूचना: अमक्याचं तमकीशी लग्न ठरलं आहे, कुणाची हरकत असल्यास कळवावं, मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग अमक्या वेळी, एक काळी छत्री सापडली आहे. माणसाच्या आयुष्यातलं काहीच तिथं गुप्त राहत नाही, असा माझा समज झाला. तो चुकीचा होता, पण ते पुढं.

ही माणसं पैशालाही पक्की. १९१८ सालापासून त्यांची स्वतःची, बॅसीन कॅथॉलिक नावाची, सहकारी बँक आहे. तरी आमच्या शाखेतही चर्चचं एक खातं होतं आणि सोमवारी सकाळी रविवारची थैली माझ्या खिडकीत येई. देवाला माणसं काय देतात हे पुजाऱ्यापेक्षा कॅशियरला जास्त ठाऊक असतं. चिकटपट्टी लावलेल्या नोटा, झिजलेली नाणी, वाण्याने 'चालत नाही' म्हणून परत केलेलं दहाचं नाणं. देव परत करत नाही ना! ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि पुढच्या सोमवारी थैलीत पाचशेच्या नोटा एकदम वाढल्या. भक्तीला पूर असा रातोरात येतो हे मी स्वतःच्या बोटांनी मोजलं आहे. देवाच्या दारात पॅनकार्ड लागत नाही, हेही त्याचं एक कारण असू शकेल.

तर एका रविवारी घरमालक काकांनी मला मिस्सेला नेलं. सगळं ठीक चाललं होतं, आणि मध्येच ती थैली आली. आपल्याकडं ताट असतं. ताटात सगळं दिसतं. ही थैली मखमली आणि खोल. माणूस मूठ मिटून हात आत घालतो आणि बोटं पसरून बाहेर काढतो. माझ्या पाकिटात होती फक्त दोन हजारांची नोट. (होय, तीच, गुलाबी.) देवावर माझी श्रद्धा आहे, पण तिलाही काही मर्यादा. थैली पुढ्यात आली, डावीकडं काका, उजवीकडं मावशी. मी रिकामी मूठ आत घातली आणि बोटं पसरून बाहेर काढली.

सोमवारी ती थैली मोजायला माझ्याचकडं आली. बेरीज तीनदा केली. माझं न दिलेलं त्यात कुठंच दिसत नव्हतं, आणि तेच मला बोचत होतं. संध्याकाळी काकांना सांगून टाकलं. शनिवारी त्यांची माणसं पापनिवेदनाला जातात, मी सोमवारी गेलो एवढंच.

काका हसले नाहीत. म्हणाले, "अहो, थैली बंद असते ती कशासाठी? जास्त घालणाऱ्याच्या सोयीसाठी नाही. ज्याच्याजवळ ह्या आठवड्यात घालायला काही नाही, तोही मिस्सेला येतोच ना? त्याचाही हात सगळ्यांसारखा आत गेला पाहिजे."

"पण मला तर सोमवारी कळतंच."

"तुम्हाला तरी कुठं कळतं? बेरीज कळते."

मी गप्प बसलो. गुप्तदान म्हणजे देणाऱ्याला गर्व होऊ नये म्हणून घेतलेलं औषध, असं मी समजत आलो होतो. पडदा घेणाऱ्यासाठी असतो, हे मी घेणाऱ्यांच्या रांगेत उभं राहूनसुद्धा माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आणि आलं नव्हतं असं तरी कसं म्हणू? चादर घेतानाचे आमचे पुष्कळ फोटो निघाले. अशा फोटोत देणारा कॅमेऱ्याकडं बघतो आणि घेणारा चादरीकडं. मला एकच चादर दोनदा देण्यात आली होती, कारण पहिल्या खेपेला फ्लॅश उडाला नव्हता. मी ती परत केली, पुन्हा हात पुढं केला आणि पुन्हा घेतली. चादर चांगली होती. बरीच वर्षं टिकली.

काका सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद होते. १८३३ साली पॅरिसमध्ये ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन ती काढली. आज गावोगावच्या चर्चमध्ये तिच्या शाखा आहेत. काम साधं: दोघादोघांनी गरजूच्या घरी जायचं, बसायचं, बोलायचं, लागेल ते द्यायचं. सभेतसुद्धा सभासदांमध्ये एक थैली फिरते, आणि कोणी किती घातले हे त्या दहा-बारा जणांनाही एकमेकांचं कळत नाही. हिशेबतपासणीच्या दृष्टीने हे भयंकर आहे. काका आठवड्यातून एकदा अंधार पडल्यावर पिशवी घेऊन निघत. "कुठं जाऊन आलात?" विचारलं की म्हणत, "केळी बघायला." काळोखात केळी! चार वर्षं मी त्या घरात राहिलो, पण ते कुणाच्या घरी जात ते मला कळलं नाही. छत्री सापडल्याची सूचना होते, ह्याची होत नाही.

आता, नावाच्या पाट्या लावणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. आमच्या नव्या गावात कॉलनीचं छत गळायला लागलं, की बांधणाऱ्याच्या पाटीचा उपयोग असतो. गुप्तदात्याकडं तक्रार कुठं करणार? आणि गणपतीच्या वर्गणीच्या यादीत शेजाऱ्याचे पाचशे एक दिसल्याशिवाय आपल्या हाताला पाचशे दोन सुचत नाहीत, हा सार्वत्रिक अनुभव आहे. थैली फिरवून मंडप उभा राहणार नाही. पण ज्यांच्याकडं मंडपाचा पैसा आणि चादरीचा पैसा ह्यांची दोन वेगळी खाती आहेत, त्यांचा मला हेवा वाटतो.

जायच्या आदल्या उन्हाळ्यात चर्चमध्ये जुने कपडे गोळा करायचे ठरलं. मावशी ओटीवर ढीग घेऊन बसल्या आणि एकेका कपड्याचे खिसे उलटे करू लागल्या. तिकिटं निघाली, खिळा निघाला, काकांच्या पँटमधून पन्नासची नोट निघाली. ती त्यांनी कमरेला खोचली.

"राहू द्या की मावशी," मी एकदम बोललो. माझा आवाज जरा जास्तच मोठा होता.

"छे! द्यायचं ते बघून, मोजून द्यावं. विसरलेलं कशाला द्यायचं? घेणारा बिचारा विचार करत बसेल, आपण चोरलं की काय म्हणून."

मी त्यांच्याकडं बघत राहिलो. म्हणजे ब्लेझरवाल्या घरात खिसे तपासणारी मावशी नव्हती. किंवा होती, आणि तिने खिसे तपासल्यावर, बिल्ला उसवल्यावर, गाठोडं बांधायच्या आधी त्या ब्लेझरवाल्या पोरानेच गुपचूप हात घातला होता. तेरा वर्षांचा मुलगा चार घड्या घालतो. मोठी माणसं नोट दोन घड्यांत ठेवतात, हे मी रोज बघतो. पण पुरावा म्हणून हे कुठलाही ऑडिटर धरणार नाही. तो पोरगा आता माझ्यासारखाच पंचेचाळिशीत असेल, पोट सुटलं असेल, आणि त्याला ते आठवतही नसेल.

२०१७ मध्ये माझा बदलीचा अर्ज कुणीतरी चुकून वाचला आणि मी गावी आलो. गेल्या हिवाळ्यात आमच्या शिवारात ऊसतोडीची टोळी उतरली होती. बायकोने त्यांच्या पोरांसाठी कपडे काढले. त्यात मुलीचा तोकडा झालेला शाळेचा स्वेटर होता, खिशाचा. कुणी नाही असं बघून मी त्यात नोट सारली. १९९३ चे दहा म्हणजे महागाई धरून आजचे किती, ह्याचा अंदाज काढला आणि शंभरची ठेवली. चार घड्या घालून.

दहा मिनिटांनी बायको ती नोट हातात धरून आली.

"ही ठेवलीत, की राहिली?"

ठेवली म्हणालो तर दान गुप्त कसलं?

"राहिली," मी म्हणालो.

"बघा! मी होते म्हणून," ती म्हणाली, आणि नोट तूरडाळीच्या डब्यात गेली.