धुराची रेघ

सकाळी घरोघरी डब्याच्या भाजीला फोडणी पडते. मोहरी तडतडते, हिंग पडतो, पाठोपाठ मिरचीचा ठसका उठतो, आणि शेगडीवरच्या चिमणीचं बटण दाबलं की धूर दिसेनासा होतो. सहा इंची पाइपातून तो भिंतीपलीकडे जातो, आणि फ्लॅटच्या इमारतीत भिंतीपलीकडे बहुतेक वेळा कुणाची तरी खिडकी असते. तिच्याआड पाळण्यातलं बाळ असतं, दम्याने हैराण झालेले आजोबा असतात, किंवा नुसते दोरीवर वाळणारे कपडे असतात. मग वरून तक्रार येते, खालून उत्तर जातं, सेक्रेटरीकडे अर्ज होतो, आणि इतकी वर्षं एकमेकींकडे विरजण मागणाऱ्या घरांमधलं बोलणं बंद होतं. या भांडणाचं खापर आपण माणसांच्या स्वभावावर फोडतो. अमक्या भांडकुदळ आहेत, तमक्यांना काहीच सहन होत नाही. मला हे निदान चुकीचं वाटतं. हे भांडण इमारतीच्या नकाशावर सुरू होतं, माणसं त्यात मागाहून ओढली जातात.

कचरा बाजूला ठेवला तर स्वयंपाकघरातून रोज दोन गोष्टी बाहेर पडतात, सांडपाणी आणि धूर. सांडपाण्यासाठी नकाशावर आधीपासून पाइप आखलेला असतो. सातव्या मजल्यावरच्या सिंकचं पाणी सहाव्या मजल्याच्या खिडकीवर सोडायचं का, असा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही. धुराच्या वाटेची रेघ मात्र कितीतरी इमारतींच्या नकाशात सापडतच नाही. घर ताब्यात आलं की ज्याचा तो माणूस बोलावतो आणि भोक पाडून घेतो. कुठे पाडायचं हे बहुधा चिमणी बसवायला आलेला मुलगा ठरवतो, आणि तो बिचारा आतून पाहतो. शेगडी कुठे आहे, पाइप किती कमी लागेल, वळणं किती टाळता येतील, कारण प्रत्येक वळणाला चिमणीची ओढ कमी होते. त्याचा हिशेब त्याच्या बाजूने बरोबरच असतो. बाहेरून बघायचं म्हटलं तर पाचव्या मजल्यावर तो उभा तरी कुठे राहणार?

पूर्वीच्या कौलारू घरात चुलीचा धूर धुराड्यातून, कौलांच्या फटींतून वर जायचा आणि वर नुसतं आभाळ असायचं. त्या धुराने घरातल्या बाईचे डोळे जाळले, पण डोक्यावर शेजाऱ्याचं घर नव्हतं. आता प्रत्येक छपरावर दुसऱ्याची जमीन आहे. त्यात चिमणीची ताकद पाहा. बाजारातल्या चिमण्यांवर ताशी 1,000 ते 1,200 घनमीटर हवा ओढण्याचा दावा छापलेला असतो. दहा बाय आठ फुटांचं, दहा फूट उंच स्वयंपाकघर धरलं तर त्यात साधारण 23 घनमीटर हवा मावते. म्हणजे दीड मिनिटाच्या आत अख्ख्या खोलीइतकी हवा बाहेर. छापलेला आकडा सोडून निम्माच धरला, तरी तीन मिनिटं. या हवेबरोबर तेलाचे बारीक थेंब जातात. आतली जाळी वेळच्या वेळी धुतली नसेल तर जास्तच जातात, आणि बाहेरच्या गार पृष्ठभागावर धरतात. पाइपाच्या तोंडाखाली भिंतीवर तपकिरी ओघळ उतरतो. शेजारच्या ग्रिलवर बोट फिरवलं तर ते चिकटतं, त्यावर धूळ बसून काळा थर होतो, डासांच्या जाळीची भोकं बुजत जातात. पावसाळ्यात दोन दिवस वाळत घातलेल्या चादरीला कालच्या भज्यांचा वास येतो.

यावर पहिला आक्षेप असा की चिमणी नव्हती तेव्हाही धूर खिडकीतूनच जायचा, तेव्हा कुणी बोललं नाही. खरं आहे. पण तेव्हा तो रेंगाळत, पसरत जायचा आणि बराचसा घरातच राहायचा. आता तो एका तोंडातून, एका दिशेने, झोताने जातो. याचा अर्थ चिमणी नको, असा मी अजिबात काढत नाही. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, तळणातून सूक्ष्म कण निघतात, आणि ओट्याशी उभी असलेली व्यक्ती, जी अजूनही बहुतेक घरांत बाईच असते, ते सगळं श्वासात घेते. तिच्या श्वासाची किंमत शेजाऱ्याच्या पडद्याहून मोठी आहे. तिने चिमणी लावावीच. प्रश्न पाइपाच्या दुसऱ्या टोकाचा आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. तक्रार धुराची नसतेच, खाण्याची असते, असं अनेकांना वाटतं. सुकट भाजली, बोंबील तळले की अर्ज येतो आणि शेजारच्या पुऱ्यांच्या धुराबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. असं घडतं, आणि ते अन्यायाचं आहे. पण त्यावरचा उपायही मला सांडपाण्याच्या पाइपातच दिसतो. त्यातून जाणारं पाणी कोळंबी धुतल्याचं आहे की मेथी धुतल्याची माती त्यात आहे, हे कुणी विचारत नाही. पाइप कुठे उघडतो आणि गळतो का, एवढंच पाहिलं जातं. कमिटीनेही तेवढंच पाहावं. भिंतीवरचा ओघळ, ग्रिलवरचा चिकटा, पाइपाच्या तोंडापासून खिडकीचं अंतर, या गोष्टी डोळ्यांना दिसतात, टेपने मोजता येतात. कढईत काय आहे हा मीटिंगचा विषयच नाही.

तिसरा आक्षेप हक्काचा. फ्लॅट माझा, भिंत माझी. पण बाहेरची भिंत सोसायटीची, सामाईक असते, आणि फ्लॅटमध्ये असे बदल करायला कमिटीची लेखी परवानगी घ्यावी, असं उपविधी सांगतात. हवेचं म्हणाल तर 1882 च्या सुविधाधिकार कायद्यातच, कलम 7 खालच्या उदाहरणांत, आपल्या जागेवर येणारी हवा इतरांनी अवाजवी दूषित करू नये, हा मालकाचा हक्क म्हणून नोंदलेला आहे. आणि ‘आम्ही आधीपासून इथे आहोत’ हे उत्तरही कायद्यात फारसं टिकत नाही. लंडनमध्ये 1879 साली स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन हा खटला निकाली निघाला. एका मिठाईवाल्याच्या स्वयंपाकघरात वीस वर्षांहून जास्त काळ खलबत्ते चालत होते. शेजारच्या डॉक्टरने त्या भिंतीला लागून तपासणीची खोली बांधली ती नंतर, तरी आवाज आणि हादऱ्यांविरुद्ध मनाई हुकूम मिळाला तो डॉक्टरला.

धुरालाही सांडपाण्यासारखी वाट आखायची म्हटलं, तर राहतो खर्च आणि धोका. सगळ्यांचा धूर एका सामाईक नळीत सोडला तर एकाचा वास दुसऱ्याच्या घरात उलटा येतो, आणि आत साचलेलं तेल पेट घेऊ शकतं. ही भीती रास्त आहे. त्यासाठी उलटी हवा अडवणारी झडप लागते, उंच इमारतीत गच्चीवर पंखा लागतो, नळी साफ करावी लागते. पण ड्रेनेजची देखभाल आपण करतोच की. नव्या इमारतीत ही रेघ पहिल्याच नकाशावर ओढली तर खर्च सगळ्या फ्लॅटमध्ये वाटला जातो. तीन-चार मजली जुन्या इमारतीत स्वतःचा पाइप डक्टमधून गच्चीपर्यंत नेता येतो. तेही जमत नसेल तर कार्बन फिल्टरची, पाइप नसलेली चिमणी आहे. ती वाफ काढत नाही आणि फिल्टर बदलत राहावा लागतो, पण शेजाऱ्याकडे काही जात नाही. आणि भोक पाडायचंच असेल, तर चिमणीवाला मुलगा आला की त्याला घेऊन आधी वरच्या काकूंकडे जावं. आपल्या भिंतीची बाहेरची बाजू त्यांच्याच खिडकीतून नीट दिसते. उदबत्ती पेटवून तिथे धरावी आणि वारा कुठून येतो ते पाहावं. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर दुपारी तो समुद्राकडून येतो, रात्री दिशा बदलतो, म्हणून संध्याकाळी पुन्हा एकदा पाहावं. खडूची खूण त्यानंतर करावी.